खोलीच्या तापमानाचं पाणी

डॉ. वत्सला तायडे. माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी हे नाव सांगतो. पूर्वी आई-वडिलांना वाईट वाटू नये म्हणून त्यांचं नाव आधी घ्यायचो. पुढे एकदा वडीलच म्हणाले, "आमी तुले शाळेत टाकलं. डाक्टर तं त्या बाईनं केलं." तेव्हापासून संकोच गेला.

मी धामणगाव बढ्याचा. वडील आठवडी बाजारात भाजी विकायचे. घरातला पहिला पदवीधर मी. पण वडील लोकांना सांगताना नेहमी पुस्ती जोडायचे, "डाक्टर झाला, पन फक्त दाताचा." कॉलेजात मी इंग्रजी पुस्तकं घोकून पास झालो होतो. हाताला मात्र काही येत नव्हतं. शेगावच्या तायडे मॅडमना हाताखाली कुणी हवं आहे असं कळलं म्हणून गेलो. स्टेशनकडून येणाऱ्या रस्त्यावर एका लॉजच्या माथ्यावर त्यांचा दवाखाना होता. दोन खोल्या, वर टिनाचं छप्पर. खालून दिवसभर लॉजवाल्यांच्या हाका ऐकू यायच्या, "रूम है, रूम है!"

मॅडम उंच आणि काटक. साडीवर पांढरा अ‍ॅप्रन आणि चष्मा बुटाच्या नाडीने गळ्यात अडकवलेला. बोलणं अस्सल वऱ्हाडी. कॉलेजात "मले" म्हटलं की मुलं हसायची, म्हणून मी ती भाषा गिळून टाकली होती. इथे शिकलेली, सर्जन असलेली बाई पेशंटला सरळ "काऊन आले?" विचारत होती. कुणालाही त्यांनी "काही दुखणार नाही" असं कधी सांगितलं नाही. त्या म्हणायच्या, "दुखन. पन सांगून दुखवीन."

पहिल्याच दिवशी त्यांनी खालून चहा मागवला आणि काचेचा ग्लास माझ्या हातात दिला.

"धर. असा मुठीत. धरवते?"

"हो मॅडम."

"भाजून राह्यलं?"

"नाही. गरम आहे थोडा."

"एवढ्या गरमीत हाड मरते," त्या म्हणाल्या.

मी ग्लास खाली ठेवला आणि तळहात पाहिला. तळहाताला काहीच झालं नव्हतं. धक्का त्याचाच बसला.

त्यांचं मुख्य काम इम्प्लांटचं होतं. म्हणजे जबड्याच्या हाडात भोक पाडून टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाड त्याला येऊन घट्ट बिलगेपर्यंत काही महिने थांबायचं, मग त्यावर दात लावायचा. भोक पाडायला ड्रिल लागतं, आणि ड्रिल हाडात फिरलं की घासून गरम होतं. किती वेगाने फिरवता, किती दाबता, पातं किती धारदार आहे, वरून गार सलाईन किती पडतं, यावर पुढचं सगळं ठरतं. मॅडम सांगायच्या, "पेशंटले समजत नाही, तो सुन्न असते. तुले समजत नाही, तुले रक्त दिसते. स्क्रू बसते घट्ट. तू खूश, तो खूश. आन् हाड आतमंदी मेलेलं. ते काही लगेच ओरडत नाही बे. निवांत सोडून देते."

त्यांचं ड्रिल टोचायचं आणि उचलायचं. पुन्हा टोचायचं, पुन्हा उचलायचं. पातं जरा बोथट वाटलं की बाद. बाद झालेली पाती दवाखान्याच्या भिंतीत ठोकलेली होती. एकावर कॅलेंडर, एकावर मॅडमची पर्स, एकावर माझा डबा. "भितीले चालते, मानसाले नाही." शहरातून आलेला, ड्रिल विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस ते महागडे खिळे पाहून खुर्चीवरून उठला होता.

ते अळी मारणाऱ्या बीटी कपाशीचे दिवस होते. खुर्चीत येणारा प्रत्येक जण कपाशीचं बोलायचा, तोंडात कापूस कोंबला तरी थांबायचा नाही. त्या काळी बीटीच्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियांची एक लहान पुडी यायची. ती शेताच्या कडेने पेरायची, म्हणजे अळीला खायला काहीतरी राहतं आणि ती बीटीला लवकर सरावत नाही. आमच्याकडे ती कुणी पेरत नसे. पाकीट फोडलं की पुडी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, भिरकावली. मॅडमचा भाऊ साखरखेर्ड्याला शेती करायचा, तोही फेकायचा. मॅडम पेशंटशी त्यावरून भांडायच्या.

"अळीले काऊन जेवू घालू बाई?" एकाने विचारलं.

"नाही घालसान तं ती ताटात येईन."

"तुमी दात पाहा बाई."

"मी दातच पाहून राह्यली. तोंड उघडा."

युसुफभाई आमच्याकडे आले ते तोंडावर रुमाल धरून. शेगावच्याच एका लग्नाच्या बँडमध्ये ते क्लॅरोनेट वाजवायचे. वरातीत सगळ्यांत पुढे चालणारा माणूस. त्यांचे खालचे पुढचे दात पडले होते. क्लॅरोनेट वाजवताना खालचा ओठ त्या दातांवर टेकवून वर वाद्याची पट्टी दाबतात. दात नाहीत तर ओठाला आधार नाही, सूर फाटतो. कवळी करून पाहिली होती, ती फुंकर मारली की उडायची. "एक डाव नवरदेवापुढी पडली," ते म्हणाले. "त्याले वाटलं ओवाळनी टाकली."

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा पुसावा लागला. पण गोष्ट हसण्याची नव्हती. आदल्या हंगामात कपाशीवर लाल्या पडला होता, पानं लाल होऊन झाडं बसली होती. आमच्या भागात कपाशी बसली की लग्नं पुढे जातात आणि लग्नं पुढे गेली की बँड बसतो. उरलेल्या लग्नांसाठी बँडच्या मालकाने कीबोर्ड वाजवणारा एक जण पाहून ठेवला होता. तुळशीच्या लग्नानंतरच्या मोसमात युसुफभाईंचा सूर लागला नाही तर त्यांची जागा जाणार होती. "तीस मानसं माझ्या सुरावर नाचतात बाई," ते म्हणाले. "मले दुसरं काही येत नाही. खरंच येत नाही."

मे महिन्यात मॅडमनी त्यांच्या खालच्या जबड्यात पुढे दोन स्क्रू बसवले. मी तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी धरून उभा होतो. जबड्याचा तो भाग सगळ्यांत कठीण हाडाचा. लोडशेडिंग चालू होतं, ड्रिल इन्व्हर्टरवर चालत होतं, डोक्यावरचं टिन कडकड वाजत होतं. मॅडम नेहमीसारख्या टोचत होत्या, उचलत होत्या. सलाईनची धार अखंड होती. स्क्रू इतके घट्ट बसले की मॅडम मान हलवून म्हणाल्या, "पाहा. पहाडात बसला."

जूनमध्ये, पाऊस लांबलेला असताना, युसुफभाई परत आले. पुन्हा तोंडावर रुमाल होता. त्यांनी तो मॅडमसमोर उघडला. आत स्क्रू होता.

मी तोवर इम्प्लांट फक्त बसवताना पाहिले होते. रुमालात घरून आलेला कधीच पाहिला नव्हता. मॅडमनी त्यांना खुर्चीत बसवलं आणि दुसऱ्या स्क्रूवर आरशाच्या दांडीने हलकेच ठोकलं. थप् असा मातीवर ठोकल्यासारखा आवाज आला. त्यांनी दोन बोटांनी धरला आणि तो भुईमुगाच्या शेंगेसारखा हातात आला. त्याच्या आट्यांना पांढऱ्या हाडाचं एक कडं चिकटून आलं होतं. रक्ताचा थेंब नव्हता.

युसुफभाईंनी हात जोडले. "बाई, गलती माझी हाय. साळ्याच्या पोरीच्या लग्नात एक गानं वाजवलं. एकच. बायकोनं नको म्हटलं होतं. आन् तंबाखू बी सुटली नाही."

मला सुटल्यासारखं वाटलं. पेशंट स्वतःच सांगत होता. कोणत्याही दवाखान्यात ही गोष्ट इथेच संपली असती.

मॅडम ते पांढरं कडं चष्मा लावून पाहत राहिल्या. मग माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "सोनुने, ते सलाईन आन."

"कुठलं मॅडम?"

"तेच. फळीवरचं. ज्यातलं तेव्हा वापरलं."

टिनाखालच्या फळीवर बाटल्यांची रांग असायची. मी एक काढली. मॅडमनी ती फोडून वाटीत ओतली, ड्रॉवरमधून तापाचा थर्मामीटर काढला आणि त्यात उभा केला. पारा चढला. चढत चढत काचेच्या टोकाला गेला आणि थांबला, कारण पुढे काचच नव्हती.

खालून "रूम है" चालू होतं.

पुस्तकात लिहिलेलं असतं, सलाईन खोलीच्या तापमानाचं चालतं. मी ते परीक्षेत लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. मॅडम गार बाटल्या फ्रीजमध्ये ठेवायच्या, पण गेले काही उन्हाळे वीज इतका वेळ जायची की फ्रीज कपाटासारखा झाला होता. म्हणून त्यांनी पुस्तकावर भरवसा ठेवून फळीवरची बाटली घेतली होती. ज्या पाण्याने हाड गार ठेवायचं, ते पाणीच टिनाखाली तापलेलं. आम्ही त्या हाडावर वरून गरम पाण्याची धार धरली होती. धार मीही पाहत उभा होतो. पाणी वाहतंय म्हणजे गारच असणार, असं मला वाटलं होतं.

मॅडमनी खुर्ची ओढली आणि युसुफभाईंच्या समोर बसल्या.

"युसुफभाई, तुमचं हाड मी भाजलं."

"नाई नाई बाई, मी वाजवलं ना..."

"वाजवलं ते चुकलंच. पन हाड त्याच्या आधीच मेलं होतं. ते मी मारलं. गरम पान्यानं."

युसुफभाई माझ्याकडे बघू लागले. मी खाली बघत होतो. डॉक्टरने पेशंटला असं सांगितलेलं मी आजवर ऐकलं नव्हतं. कानाला ते शिवीसारखं लागलं. मग युसुफभाई म्हणाले, "बाई, हे तुमी भाईर कोनाले सांगू नका. लोक चांगले नाहीत."

मॅडमनी नेमकं उलट केलं. मागच्या उन्हाळ्यांत ज्यांना ज्यांना स्क्रू बसवले होते, ती सगळी माणसं त्यांच्या लक्षात होती. एकेकाला फोन लावायला मला सांगितलं आणि स्वतः बोलल्या, "पानी गरम होतं. येऊन दाखवून जा." मी म्हणालो, "मॅडम, ज्याचं दुखत नाही त्याला कशाला सांगता?"

"दुखत नाही म्हनूनच सांगा लागते."

बहुतेकांचे स्क्रू नीट होते. एका मास्तरांचा हलत होता आणि ते बिचारे स्वतःच्या पानतंबाखूला दोष देत बसले होते. पण गावात बातमी वेगळीच पोहोचली. मॅडमना नाव पडलं, 'हाडभाजी बाई'. खालचा लॉजवाला एका गिऱ्हाइकाला वरचा जिना दाखवत म्हणाला, "वर नका जाऊ, वर हाडाची भाजी होते." मॅडम जिन्यात उभ्या होत्या. "कांदा तू आनजो," त्या म्हणाल्या आणि वर आल्या. पण पेशंट कमी झाले ते झालेच. दुपारच्या दुपार आम्ही दोघं खिडकीशी बसून राहायचो.

त्याच सुमारास पुण्याला इम्प्लांटवर व्याख्यानं होती. मॅडम मलाही घेऊन गेल्या. मोठा गार हॉल होता. पडद्यावर तेच वाक्य आलं, खोलीच्या तापमानाचं सलाईन. मॅडम उभ्या राहिल्या.

"कोनाच्या खोलीचं?"

हशा पिकला. उच्चारालाच हसले असावेत. मॅडमनी टिनाचं, मे महिन्याचं, थर्मामीटरचं सगळं सांगितलं. व्याख्याते सभ्य होते. म्हणाले, "मॅडम, एसी बसवा ना." पुन्हा हशा. मॅडमही हसल्या आणि खाली बसल्या. मला हळूच म्हणाल्या, "आन् लाइट कोन बसवीन?" माझे कान तापले होते. इतक्या लोकांपैकी एकालाही तो पारा दिसला नाही, याचा मला आजही अचंबा वाटतो.

तुळशीचं लग्न झालं. मोसम सुरू झाला. एका संध्याकाळी दवाखान्याखालून वरात निघाली. पुढे हातगाडीवर कीबोर्ड आणि मोठाले कर्णे. युसुफभाई अगदी शेवटच्या ओळीत होते, अंगात तोच लाल कोट, हातात खुळखुळा. बँडमध्ये माणसं जास्त दिसावीत म्हणून ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात खुळखुळा देतात. त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं नाही. मॅडम मात्र वरात वळेपर्यंत खिडकीतून हलल्या नाहीत. मग त्यांनी माझ्या हातातलं इम्प्लांटचं पुस्तक काढून घेतलं आणि मिटून ठेवलं.

थंडीत, मेलेलं हाड जाऊन नवं भरून आल्यावर, त्यांनी युसुफभाईंना पुन्हा बोलावलं. बँडच्या मालकाने उन्हाळ्याच्या मोसमापर्यंत वाट पाहायचं कबूल केलं होतं, त्यापुढे नाही. हेही चुकलं असतं तर युसुफभाईंचा खुळखुळा कायमचा आणि मॅडमचं ते नावही कायमचं.

या वेळी थर्मासमध्ये बर्फात ठेवलेलं सलाईन होतं. मॅडमनी ते आधी स्वतःच्या मनगटावर ओतलं, मग युसुफभाईंच्या.

"कसं आहे?"

"थंडगार बाई. अंघोळ घालता का?"

पहिलं बारीक भोक त्या गार धारेखाली झालं. मग त्यांनी पाणी बंद केलं. ड्रिलचा वेग इतका कमी केला की पात्याचे फेरे डोळ्याने मोजता येत होते. मी घाबरलो. पाण्याशिवाय?

"इतकं हळू फिरलं तं तापतच नाही," त्या म्हणाल्या. "आन् पानी नसलं तं हे वाहून जात नाही." पात्याच्या खाचांत हाडाचा ओला, लालसर चुरा भरला होता. कॉलेजात तो आम्ही गॉजला पुसून टाकायचो. मॅडमनी चमच्याने खरवडून वाटीत घेतला.

"हे काय आहे सोनुने?"

"चुरा मॅडम."

"जिवंत हाड आहे बे. हे पुडी आहे. पुडी फेकाची नाही."

वेळ फार लागला. मध्येच युसुफभाई तोंडातल्या नळीच्या बाजूने बोलले, "बाई, आमची वरात बी याच्यापक्षा लवकर पोचते." मॅडमनी स्क्रू बसवले, या वेळी पहाडासारखे नाही, बेताचे घट्ट. कडेने तो चुरा परत भरला. टाका घालताना त्यांची बोटं स्थिर होती.

उन्हं वाढायला लागली तेव्हा तपासणी होती. मॅडमनी आरशाची दांडी उचलली. युसुफभाईंनी डोळे मिटले. मीही मिटले.

टण्.

स्वच्छ, काशाच्या भांड्यासारखा आवाज. दुसऱ्या स्क्रूवरही तोच.

युसुफभाईंनी डोळे उघडले आणि पडल्यापडल्या म्हणाले, "बाई, हा तं सा लागला."

मॅडमनी आरसा ट्रेमध्ये ठेवला, आतल्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ नळ चालू ठेवला.

त्यांच्याकडे मी पुढे काही वर्षं राहिलो. त्यांनी माझ्या हाताला वळण लावलं आणि गिळलेली भाषाही परत दिली. त्यांना दवाखान्यात शेवटचं पाहिलं तो दिवस साधा होता. एक बाई खुर्चीत होत्या, बधिर केलेल्या. मॅडमनी ड्रिल उचललं. ते हाडाला टेकायच्या आधी पात्याचं टोक किंचित हललं. मला वाटलं, इन्व्हर्टरचं काहीतरी. मॅडमनी हात मागे घेतला, पुन्हा पुढे नेला. पुन्हा हललं.

त्यांनी ड्रिल माझ्या हातात दिलं.

"ताई, माझा हात हालला," त्या पेशंटला म्हणाल्या. "आता हे करतीन. चांगले करतात."

बाईंनी घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी पार हबकलो होतो. मॅडम पेशंटच्या डोक्याशी उभ्या राहिल्या, सक्शन धरून, जिथे मी इतकी वर्षं उभा होतो. काम संपल्यावर त्यांनी अ‍ॅप्रन काढला आणि भिंतीतल्या एका बाद पात्यावर अडकवला. तो त्यांनी पुन्हा घातला नाही. त्या साखरखेर्ड्याला भावाकडे राहायला गेल्या, मी धामणगाव बढ्याला दवाखाना टाकला. या मे महिन्यात मी त्यांना पाठवलेलं पत्र असं:

आदरणीय मॅडम,

साष्टांग नमस्कार. भाऊसाहेबांच्या कपाशीत गेल्या हंगामात गुलाबी अळी निघाली होती असं कळलं. आमच्याकडेही बीटीत निघाली होती. पुडीची आठवण आता सगळ्यांना येते. माझे मामाही पुडी फेकायचे, त्यांना मी काही बोललो नाही, तुम्ही बोलला असता.

परवा युसुफभाई इथे लग्नाची सुपारी घ्यायला आले होते. पाटी पाहून वर आले आणि न विचारता खुर्चीत बसून तोंड उघडलं. मी दांडीने ठोकलं. सा लागला. एक्स-रे सोबत आहे. खिडकीशी धरून पाहा, हाड स्क्रूला अगदी वरपर्यंत बिलगलं आहे.

आज सकाळी सलाईन मनगटावर ओतलं तर कोमट लागलं. रात्रभर लाइट नव्हती. पेशंटला उद्या या म्हणालो. तो चिडून गेला. खाली जाऊन काय बोलला असेल ते तुम्हाला माहीतच आहे.

युसुफभाईंना तुमच्या हाताचं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं. मग खाली जाऊन बँडच्या गाडीतून खुळखुळा घेऊन आले. वेगळ्या पार्सलने पाठवतो आहे, कृपया स्वीकारावा. निरोप त्यांच्याच शब्दांत देतो: "बाईले म्हना, हात थरथरते तं हे धरा, ताल आपोआप लागते. आन् मांगच्या ओळीत नाही. माझ्या बाजूले, पुढी चाला म्हना."

आपला,
सोनुने